शुभ बोल रे नाऱ्या...

"शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली." ही म्हण आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, आणि दरवेळी नाऱ्याला हसलो आहोत. लग्नघरात काय बोलावं याची अक्कल नसलेला बावळट नाऱ्या! पण मला बरीच वर्षं एक साधा प्रश्न पडतो. मांडवाला खरंच आग लागली असेल तर? मग त्या अख्ख्या मांडवात कामाचं बोलणारा माणूस एकटा नाऱ्याच होता, नाही का?

हा प्रश्न मला पडला तो टोकियोत, ११ मार्च २०११ च्या शुक्रवारी. त्या दिवसाबद्दल घरच्यांना तुकड्यातुकड्यात बरंच सांगून झालंय. पण त्यातून मला जे वाटतं ते कधी नीट मांडलं नव्हतं. आज मांडते. घरच्या मंडळींनो, यात तुमचीही थोडी खरडपट्टी आहे, माझी तर आहेच. शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा :-)

तर झालं असं. २००९ ते २०१४ आम्ही टोकियोच्या पूर्व भागात, निशिकासाईला राहत होतो. तिथे आयटीवाल्या भारतीयांची इतकी वस्ती की भाजी घेताना मागून मराठी ऐकू आलं तर कुणी वळूनही बघत नसे. नवऱ्याचं ऑफिस ओतेमाचीला, लेक पाच वर्षांची आणि होइकुएनमध्ये, म्हणजे आपलं पाळणाघर आणि बालवाडी मिळून जे होईल ते. घर आठव्या मजल्यावर. आणि त्या हिवाळ्यात सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

आल्या आल्या त्यांची नजर गेली ती दाराशी ठेवलेल्या सॅककडे. वॉर्ड ऑफिसच्या पुस्तिकेत बघून मी ती मोठ्या हौसेने भरली होती. पाणी, बिस्किटं, टॉर्च, छोटा रेडिओ, शिट्टी, औषधं, थोडे सुटे पैसे, पासपोर्टच्या झेरॉक्स.

"हे काय गं? दारात पळायची तयारी?"

"आई, भूकंप झाला तर लगेच उचलून..."

"असलं वंगाळ तोंडातून काढू नये. बोललं की ऐकतं कुणीतरी."

नवरा म्हणाला, "ठेव ना आत, तेवढंच तिला बरं वाटेल." मीही म्हटलं, चार दिवस आल्यात, कशाला वाद. सॅक गेली कपाटात, दोन मोठ्या सुटकेसींच्या मागे. आणि खरं सांगायचं तर एकट्या सासूबाईंना दोष देण्यात अर्थ नाही. भूकंप झाला तर कुठे भेटायचं, लेकीला कुणी आणायचं हे मी नवऱ्याला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तो म्हणाला, "कशाला नको ते बोलतेस?" आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले, कारण मलाही तेच हवं होतं.

दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी सुरू झालं. छोटे धक्के सवयीचे झाले होते, त्यामुळे आधी मी नुसती थांबून राहिले, थांबेल म्हणून. थांबेना. मग भिंतींचा आवाज यायला लागला, भांडी खाली यायला लागली, आणि इमारत झोक्यासारखी डोलायला लागली. मिनिटांमागून मिनिटं. मी टेबलाखाली शिरायचं सोडून टेबल धरून उभी, आणि तोंडाने नुसतं "आई, आई".

सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी उठायला दोन मिनिटं लागणारी ही बाई भिंत धरत धरत दारापाशी गेली, दार सताड उघडलं आणि चपलांचा स्टँड ओढून त्यात अडकवून ठेवला. मग तिथेच खाली बसली, डोक्यावर हात घेऊन. मला त्या क्षणी काही कळलं नाही. पण पुस्तिकेत तेच लिहिलेलं होतं. चौकट वाकली की दार अडकतं, म्हणून बाहेर पडायची वाट आधी मोकळी करावी. मी वाचलं होतं, पण केलं त्यांनी.

सॅक? सुटकेसी पडून कपाटाचं दार आतून अडलं होतं. निघालीच नाही.

लिफ्ट बंद. आठ मजले सासूबाईंचा हात धरून उतरले आणि लेकीच्या शाळेत गेलो. मैदानात सगळी पोरं डोक्यावर कापसाच्या जाड टोप्या घालून रांगेत बसलेली, कुणी रडतंय, पण जागचं कुणी हललेलं नाही. या टोप्या त्यांच्या खुर्चीवरच असतात, एरवी त्यावर बसतात. होइकुएनमध्ये दर महिन्याला सराव व्हायचा आणि मी त्याला हसायचे. चार गोष्टी पोरांना पाठ होत्या. ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही. लेकीने मला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आई, तू टोपी का नाही घातलीस?"

पाच वर्षांच्या पोरीला माहीत होतं. तिच्या एमएस्सी झालेल्या आईला माहीत नव्हतं.

नवऱ्याचा पत्ता नव्हता. फोन लागत नव्हते. अशा वेळी १७१ वर निरोप ठेवायची सोय जपानमध्ये आहे आणि तो नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. पण तो वापरायचा कसा, निरोप कुणाच्या नंबरावर ठेवायचा, हे आम्ही दोघांनी कधी करूनच पाहिलं नव्हतं. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला तो मुद्दाम सरावासाठी उघडा असतो, तरीही. शेवटी संध्याकाळी सहाच्या सुमारास स्काइप सुरू झालं आणि पुण्याहून माझ्या भावाने सांगितलं की नवऱ्याची ऑफिसमधून मेल आली आहे, तो ठीक आहे आणि चालत निघाला आहे. टोकियोतल्या टोकियोतला निरोप मला पुण्याहून मिळाला! त्या दिवशी गाड्या बंद पडल्याने लाखो माणसं अशीच पायी घरी निघाली होती. अकरा-बारा किलोमीटर चालून, आराकावा नदीचा पूल ओलांडून, तो रात्री साडेनऊला पोचला.

त्या रात्री कुणी झोपलं नाही. धक्के चालूच होते. टीव्हीवर तोहोकूचा किनारा दिसत होता, आणि काय दिसत होतं ते मी इथे लिहिणार नाही. शेवटी त्या आपत्तीत जवळजवळ १५,९०० माणसं गेली आणि अडीच हजारांच्या आसपास बेपत्ता राहिली. केंद्र टोकियोपासून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास लांब होतं. आमची चार भांडी फुटली, एवढंच. हे मला कधी विसरायचं नाही.

आणि त्या रात्री, रजईत लेकीला कुशीत घेऊन बसलेल्या सासूबाई अचानक बोलायला लागल्या.

"तवाही अकरा तारीखच होती."

११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पाटण तालुक्यातलं गाव, दगडमातीचं घर, त्या बावीस वर्षांच्या, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. पहाटेचे सव्वाचार वाजून गेलेले. घर हललं, आणि सगळी दाराकडे धावली तर दार उघडेचना. चौकट दबली होती. सासऱ्यांनी कुऱ्हाडीने फळ्या तोडल्या तेव्हा बाहेर पडता आलं. शेजारच्या घराचं दार तोडायला कुणी नव्हतं. तिथले दोघं गेले, त्यातली एक सासूबाईंच्या वयाची, जिच्याबरोबर त्या रोज पाण्याला जात. पुढे कितीतरी दिवस सगळं गाव थंडीत उघड्यावर झोपलं.

नवरा ऐकत होता. अडतीस वर्षांचा माणूस, आणि आईच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकत होता.

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? बोललं की परत डोळ्यांपुढं येतं."

मंडळी, त्या क्षणी सासूबाईंवरचा माझा राग संपला. "वंगाळ बोलू नये" यामागे नुसती अंधश्रद्धा नसते, कधीकधी न संपलेलं दुःख असतं. पण त्याच क्षणी दुसरी गोष्टही कळली. दार आधी उघडावं हे ज्ञान त्या बाईने दोन जीव गेलेले बघून मिळवलं होतं, आणि त्रेचाळीस वर्षं ते आमच्या घरात कुणाला दिलं नव्हतं. मी ते एका परक्या देशाच्या सरकारी पुस्तिकेत वाचत होते, आणि शिकवणारी माणूस माझ्यासमोर वाटाणे सोलत बसली होती.

पुढचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात १२, १४ आणि १५ मार्चला स्फोट झाले, आणि इथून तुमचे फोन सुरू झाले. दिवसाला वीस वीस. "ताबडतोब निघा." "पोरीचा तरी विचार करा." शेवटी १७ तारखेला आम्ही तिघी निघालो, नवरा मागे राहिला. निघताना मला शेजारच्या जपानी आजींची फार लाज वाटली, त्या कुठे जाणार होत्या? पण त्यांनी हसून "इत्तेराश्शाई" म्हटलं, म्हणजे "जाऊन या". सासूबाईंना अर्थ सांगितला तर म्हणाल्या, "हे आपल्यासारखंच की. आपण 'जाते' म्हणतो का? 'येते' म्हणतो."

अगदी खरं. आणि माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

आपल्याला वाटतं की जपानी लोक शास्त्रीय, आपण शकुन-अपशकुनवाले. तसं अजिबात नाही हो. चार हा आकडा तिथे मृत्यूसारखा ऐकू येतो म्हणून कितीतरी इस्पितळांत चार नंबरची खोली नसते. लग्नात "तुटणं", "वेगळं होणं" असे शब्द भाषणात येऊ देत नाहीत. शुभ बोलायची हौस त्यांनाही आपल्याइतकीच. पण त्यांनी अशुभ बोलायला एक जागा आणि एक दिवस ठरवून ठेवला आहे. १ सप्टेंबर १९२३ ला, ऐन जेवणाच्या वेळी कांतोचा भूकंप झाला, चुलींच्या आगी पसरल्या आणि लाखभर माणसं गेली. १९६० पासून १ सप्टेंबर हा आपत्ती-निवारणाचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळेत, ऑफिसात, गल्लीत सगळे नारे होतात आणि मोठ्याने म्हणतात, मांडवाला आग लागू शकते.

नुसता कागद मात्र पुरत नाही, हेही तिथेच दिसलं. इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेत भूकंपानंतर जवळजवळ पन्नास मिनिटं मुलं मैदानात थांबून राहिली. शाळेमागेच टेकडी होती. त्सुनामी आल्यास नेमकं कुठे जायचं हे शाळेच्या आराखड्यात नीट ठरलेलं नव्हतं, आणि त्या मैदानावर ते ठरेना. ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. पालक कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की चूक त्या दिवसाच्या आधीच झाली होती, तयारीत. २०१९ मध्ये तो निकाल कायम झाला. उलट कामाइशीच्या शाळांत "थांबू नका, उंचावर पळा" हे वर्षानुवर्षं मुलांशी बोललं गेलं होतं. तिथली मोठी मुलं धाकट्यांचे हात धरून पळाली, ठरलेली जागा धोक्याची वाटली तेव्हा आणखी वर पळाली, आणि शहरातली जवळजवळ तीन हजार मुलं वाचली.

आणखी एक. १ जानेवारी २०२४, जपानचा वर्षातला सगळ्यात मंगल दिवस. संध्याकाळी नोतोला भूकंप झाला, आणि सार्वजनिक टीव्हीवरची निवेदिका अक्षरशः ओरडून लोकांना पळायला सांगत होती. २०११ मध्ये निवेदक शांत आवाजात बोलले होते, ते पुरलं नाही म्हणून त्यांनी बोलण्याची पद्धत बदलली होती. नववर्षाच्या दिवशी ओरडणारी ती बाई मला आपल्या नाऱ्याची सख्खी बहीण वाटली.

आता आपल्याकडे येते. मी सोलापूरची. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमून झोपलेलो. पहाटे चारच्या आधी खिडक्यांची तावदानं वाजायला लागली. किल्लारी. भूकंप ६.२ चा, टोकियोने जे भोगलं त्याच्या मोजमापात कितीतरी लहान, पण थेट पायाखाली आलेला. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीची जड धाबी, आणि झोपेतली आठ हजारांच्या आसपास माणसं. त्या वेळच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. पण १९९२ मध्ये तिथे धक्के जाणवत होते, लोक बोलत होते. म्हणजे नारे ओरडत होते.

मार्च २०११ मध्ये आम्ही पुण्यात उतरलो तेव्हा तुम्ही भाकरतुकडा ओवाळून टाकलात, आणि सगळे म्हणालात, "देवाची कृपा". मीही हात जोडले, मनापासून. पण आमची इमारत उभी राहिली त्याला आणखी एक कारण होतं. १९७८ च्या मियागीच्या भूकंपानंतर, १९८१ मध्ये त्यांनी बांधकामाचे नियम कडक केले आणि पाळले. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या डोक्यावर छप्पर कोसळेल अशी अभद्र कल्पना केली होती, म्हणून ते कोसळलं नाही. आमच्या घरातला गॅसचा मीटरसुद्धा हादरा बसला की आपोआप बंद व्हायचा. ती पण कुणाची तरी अभद्र कल्पनाच.

आणि मग मला त्या दिवसाला वीस फोन करणाऱ्या तुमचाच राग आला. खरंच आला. आम्ही टोकियोत असताना तुम्हाला आमची काळजी, पण तुम्ही स्वतः झोपता कुठे? आमची पुण्यातली बिल्डिंग खांबांवर उभी आहे, खाली नुसतं पार्किंग, भिंती नाहीत. २००१ च्या कच्छच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून जास्त लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच, खाली मोकळा मजला असलेल्या कितीतरी इमारती कोसळल्या. परत आल्यावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हटलं, एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ. एक काका हसून म्हणाले, "मॅडम, शुभ बोला." सगळे हसले. पुढचा विषय निघाला, गेटच्या रंगाचा.

मला मान्य आहे, सगळं सरकारने केलं पाहिजे, नियम पाळले गेले पाहिजेत, बिल्डरला जाब विचारला पाहिजे. पण ते सगळं आधी कुणीतरी तोंडातून काढावं लागतं. जे बोलायचंच नाही त्याची तयारी कशी करणार? भूकंपाला आपलं बोलणं ऐकू येत नाही. आपल्या पोरांना मात्र येतं, आणि आपण गप्प बसलो तर ती दार उघडायच्या ऐवजी टेबल धरून "आई, आई" करत उभी राहतात. माझ्यासारखी.

म्हणून या वर्षी गणपतीत सगळे जमलो की मी पाच मिनिटं घेणार आहे. विचारणार तीनच गोष्टी आहेत. घर सोडावं लागलं तर भेटायचं कुठे? फोन लागले नाहीत तर बाहेरगावी कुणाकडे निरोप ठेवायचा? आणि पलंगाशेजारचं ते उंच लोखंडी कपाट भिंतीला कधी ठोकणार? एवढंच. नंतर उकडीचे मोदक खा.

सासूबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. दाराची गोष्ट त्या आता स्वतःहून नातवंडांना सांगतात, कुऱ्हाडीसकट, आणि शेजारणीचं नाव घेताना अजून थांबतात. माझा हा बेत त्यांना सांगितला. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या,

"बोल की. पण आरती झाल्यावर बोल, आधी नको."

बरं आई. आरती झाल्यावर.